जावळ काढल्यानंतरचं माप

नोकरीत तुम्ही काय करत होता असं कुणी विचारलं, तर मी सांगते, लहान मुलांची डोकी मोजत होते. माणसं एकदा हसतात आणि विषय बदलतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईनं हा प्रश्न विचारला की मला हे उत्तर फार सोयीचं पडतं, कारण त्यानंतर मला निवांत जेवता येतं. पण उत्तर खोटं नाही. लोणावळ्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी नर्स होते, आणि शेवटची बरीच वर्षं माझं मुख्य काम होतं ते डोक्यात पाणी साचणाऱ्या तान्ह्या बाळांवर लक्ष ठेवण्याचं.

डोक्यात पाणी तुमच्या-माझ्याही असतं. ते रोज तयार होतं, मेंदूभोवती फिरतं आणि रक्तात मुरून जातं. एखाद्या बाळाच्या बाबतीत त्याची वाट अडते आणि ते साचत राहतं. मोठ्या माणसाची कवटी पक्की जुळलेली असते, त्यामुळे त्याचं डोकं भयंकर दुखतं आणि तो आरडाओरडा करत डॉक्टरकडे जातो. तान्ह्या बाळाची कवटी अजून सांधलेली नसते. आत दाब वाढला की हाडं फाकतात, डोकं मोठं होतं, आणि बाळ बिचारं काही बोलत नाही. मग सर्जन एक बारीक नळी बसवतात. तिला शंट म्हणतात. ती डोक्यातून निघते, कातडीखालून मानेवरून, छातीवरून पोटात जाते, आणि जादा पाणी पोटात उतरतं. नळी चालू असेपर्यंत सगळं उत्तम. पण नळी ती नळीच, कधी ना कधी तुंबते. मोरी तुंबली तर पाणी वर आलेलं निदान दिसतं, इथं तेही नाही.

आतला दाब थेट मोजता येतो, पण त्यासाठी डोक्यात सुई किंवा नळी घालावी लागते, आणि ते दर पंधरा दिवसांनी करण्यासारखं काम नव्हे. म्हणून ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या बाळाचा दाब मावळात दोन गोष्टींनी मोजला जायचा. एक माझी दोन बोटं आणि दुसरी टेप. बाळाला बसतं धरायचं आणि टाळूवर बोटं अलगद टेकवायची. टाळू मऊ असावी, किंचित खोलगट असावी आणि उडत असावी. दाब वाढला की ती भरून वर येते, घट्ट लागते आणि उडायची थांबते. मात्र बाळ शांत हवं, कारण रडताना सगळ्याच बाळांची टाळू तटतटते. रडणाऱ्या बाळाच्या टाळूवरून काही ठरवायचं नाही, हा नियम मी प्रत्येक नव्या नर्सला पहिल्या दिवशी सांगायची. तिला तो पाठ झाला की नाही हे दुसऱ्या दिवशी विचारायची सुद्धा. माझ्याविषयी रुग्णालयात फार चांगलं बोललं जात नसे.

टेपचंही शास्त्र आहे. भुवयांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून घ्यायची, तीनदा मोजायचं, सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. शिंप्याची कापडी टेप चालत नाही, कारण ती धुऊन धुऊन ताणते. आणि एका मापाला काही अर्थ नसतो. या मापात आणि मागच्या मापात किती फरक पडला, त्यालाच अर्थ.

डोकं मोठं म्हणजे पाणी असंही नाही. माझं माहेर वडिवळ्याचं, तिथल्या बौद्धवस्तीतलं. एकदा गावातले एक आबा आपल्या नातवाला घेऊन आले. मोठी जमीन, मोठा वाडा, गावात शब्दाला मान. मला त्यांनी ओळखलं, मी कुणाची लेक तेही ओळखलं, आणि दोन्ही गोष्टी ओळखल्याचं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. नातवाचं डोकं खरोखर मोठं होतं, पण टाळू मऊ, बाळ हसतंय, दूध पितंय. अशा वेळी आईबापांची डोकी मोजायची असतात. बाप मुंबईला होता. म्हणून मी आबांना म्हटलं, टोपी काढा, तुमचं माप घेते. आबांनी आयुष्यात बाईमाणसासमोर टोपी काढली नसावी, आमच्या वस्तीतल्या बाईसमोर तर नक्कीच नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोकं एकसष्ट सेंटिमीटर भरलं. मी सांगितलं, बाळाला काही झालेलं नाही, हे घराण्याचं डोकं आहे. आबांनी टोपी घातली आणि गावात जाऊन सांगितलं की आमच्या घराण्याची डोकी मोठी असल्याचं दवाखान्यानं लिहून दिलंय. मी काहीही लिहून दिलं नव्हतं.

असे किस्से मी आणखी दहा सांगू शकते. पण मला आरोहीविषयी लिहायचं आहे, आणि इतका वेळ मी ते टाळत होते.

आरोही पवनानगरच्या पुढच्या एका वाडीतली. बाप दत्ता, गवंडी. लोणावळ्याजवळ तुंगार्लीत बंगल्यांची कामं चालत, तिथंच आठवडाभर मुक्काम करायचा आणि रविवारी घरी जायचा. आई रेश्मा, विशीतली, कमी बोलणारी. आणि दत्ताची आई. तिला घरात, वाडीत आणि आमच्या वॉर्डात सगळे आजीच म्हणत. आरोही दोन महिन्यांची असताना तिला मेंदूज्वर झाला, ती वाचली, पण डोक्यात पाणी साचू लागलं. पाणी अजून गढूळ होतं, त्यामुळे कायमची नळी लगेच बसवता येईना. आमच्या सर्जननी तात्पुरती नळी बाहेर काढली आणि खाटेशेजारच्या एका बाटलीला जोडली.

या बाटलीचं काम कटकटीचं असतं. ती बाळाच्या कानाच्या पातळीवरून हिशेबानं ठरावीक उंचीला टांगावी लागते. बाटली खाली घसरली तर डोक्यातलं पाणी भराभर निघून जातं. वर गेली तर पाणी थांबतं आणि दाब चढतो. कुणी खाट जराशी उचलली तरी सगळं बदलतं. आम्ही पातळी डोळ्यांनी धरायचो. दत्ता दोन दिवस काचेबाहेर उभा राहून हे बघत होता. तिसऱ्या दिवशी तो पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आला. गवंडी समोरासमोरच्या दोन भिंतींची पातळी तिच्यानंच काढतात. म्हणाला, साबणानं दोनदा धुतलीय, लावून बघू का. लावून बघितली. आमची बाटली दोन बोटं वर होती. "अशा खिडक्या बसवल्या तर मालक भिंत पाडाया लावतो," एवढंच तो म्हणाला, आणि तेही अगदी नम्रपणे. सर्जननी ती नळी ठेवून घेतली. मी एक दिवस दत्ताशी बोलले नाही.

पुढे पाणी निवळलं आणि शंट बसला. त्यासाठी न्हाव्याला बोलावून आरोहीचं अर्धं डोकं तासावं लागलं. आजी वॉर्डात आली, तिनं नातीचं डोकं बघितलं आणि मला विचारलं, केस कुठं आहेत. बाळाचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर बसवून, मुहूर्त बघून काढायचं असतं. ते केस कुठंही टाकायचे नसतात. मी सांगितलं की कचऱ्याच्या डब्यात गेले. त्यानंतर बराच वेळ ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेवटी तिनं स्वतःच निकाल दिला की मामा नव्हता, मुहूर्त नव्हता, तेव्हा हे जावळ धरायचं नाही. पुन्हा केस वाढतील, तेव्हा रीतसर काढू.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात शिरले तर आजी बाळाला मांडीवर घेऊन टाळू भरत होती. म्हणजे काय ते ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना सांगायला नको. कोमट तेलाचं बोट टाळूवर सोडायचं, तिथं ते मुरू द्यायचं. पिढ्यान् पिढ्या चाललंय. पण जखम ताजी होती, टाके ओले होते आणि तेलाचा ओघळ टाक्यांकडे चालला होता. नळीत जंतू गेले असते तर पहिल्यापासून सगळं परत. मी ओरडले. वॉर्डातल्या सगळ्या आयांदेखत ओरडले. म्हटलं, या टाळूला आता तुम्ही हात लावायचा नाही, टाळूचं काय ते मी बघेन. आजीनं तेलाची वाटी पदराखाली घेतली. माझं बोलणं बरोबर होतं. मी ते आजही बरोबरच समजते. फक्त जखम भरल्यावर ते मागे घ्यायला हवं होतं, ते मी घेतलं नाही, कारण ते माझ्या लक्षातच राहिलं नाही.

दर दुसऱ्या बुधवारी आमची गाडी पवनानगरला जायची. ग्रामपंचायतीच्या शेजारची एक खोली आम्हाला मिळाली होती. धरणाभोवतीच्या वाड्यांतून आया जीपनं, बसनं, कुणी चालत यायच्या. आरोही कधी चुकली नाही. रेश्मा तिला घेऊन यायची, आजी बरोबर यायची आणि दारापाशी बसायची. माझ्या वहीत आरोहीचा आलेख शहाण्यासारखा चढत होता, ना जास्त ना कमी. पोर मान धरायला लागली, बसायला लागली, माझा चष्मा ओढायला लागली. सर्जन मला म्हणाले, तुमची ही मुलगी छान चाललीय. तुमची म्हणाले, ते मला आवडलं.

नवव्या महिन्यात जावळ झालं. तोपर्यंत केस दाट वाढले होते. रविवारी कामशेतहून मामा आला, बोकड पडला, पाव्हणे जेवले. बुधवारी आरोही चकचकीत डोक्यानं माझ्यासमोर आली. मी टेप लावली. शेचाळीस पूर्णांक तीन. परत लावली, परत लावली, तेच. मागचं माप होतं शेचाळीस पूर्णांक दोन. पंधरवड्यात एक मिलिमीटर. मला मनापासून आनंद झाला, आणि मी तो मोठ्यानं सांगितला. बाकीच्या आयांना म्हटलं, बघा, वेळेवर आणलं की मूल असं राहतं.

रेश्मा हळूच म्हणाली की दोनदा उलटी झाली आणि झोपतेय फार. मी म्हटलं, रविवारचं ऊन, गर्दी, सतरा जणांनी उचललेलं मूल, होणारच. टाळूवर बोटं ठेवली तर घट्ट लागली. पण आरोही रडत होती. तिला पाजून, शांत करून, दहा मिनिटांनी परत बघायला हवं होतं. बाहेर अकरा आया बसल्या होत्या. मी वहीत लिहिलं, "टाळू : रडत असल्याने नीट कळली नाही." तो माझाच नियम होता, मी नियमातलं अर्धं पाळलं आणि अर्धं सोडून दिलं. दारापाशी आजी उठून उभी राहिली होती, काहीतरी बोलणार असल्यासारखी. मी पुढचं नाव पुकारलं.

शुक्रवारी दुपारी मी बाह्यरुग्ण विभागात बसले होते. दत्ता आला. हाताला सिमेंट तसंच होतं, म्हणजे कामावरून तडक निघालेला. मी म्हटलं, काय रे, आरोही बरी आहे ना. तो म्हणाला, बुधवारी रेश्मानं फोनवर माप सांगितलं, त्यानंतर घरून काही फोन नाही. मग उभ्यानंच म्हणाला,

"सिस्टर, येक इचारू? तुमी टेप केसांवरनं लावता का केसांखालनं?"

केसांवरून, मी म्हटलं, आवळून.

"जावळ लय दाट व्हतं तिचं."

मी हो म्हटलं. तो काय बोलतोय ते मला अजून कळलं नव्हतं.

"आज बंगल्याच्या पोर्चच्या गोल खांबांना गिलावा करतुया. खांबाला अर्धा इंच गिलावा चढला का घेर तीन इंचानं वाढतो. सुतळी लावून बघा, कदी बी." त्यानं हवेत खांब धरून दाखवला. "तिचं जावळ ग्येलं म्हंजी गिलावा ग्येला. मग घेर कमी भराया पायजे व्हता. त्यो तेवडाच कसा भरला?"

मी वही काढली. शेचाळीस पूर्णांक दोन, शेचाळीस पूर्णांक तीन. पहिल्या आकड्यात केसांचा थर होता, दुसऱ्यात नव्हता. दीड मिलिमीटर जाडीचा थर धरला तरी घेरात जवळजवळ एक सेंटिमीटर जातो. म्हणजे डोकं पंधरवड्यात मिलिमीटरभर नाही, सेंटिमीटरभर वाढलं होतं. एवढी वाढ दिसली की मूल त्याच दिवशी सर्जनकडे पाठवायचं असतं. मी तिला शाबासकी देऊन घरी पाठवलं होतं. एवढी डोकी मोजली, पण एका मापात जावळ आणि पुढच्या मापात नाही, याचा मी कधी विचार केला नव्हता. पुस्तकातही नव्हता, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी जावळं काढत नसावेत.

"आतला खांब जाड झालाय, व्हय ना?" दत्तानं विचारलं. मी नाही म्हणावं अशी त्याची फार इच्छा होती. मी फोन उचलला.

रेश्मानं घेतला. आरोही झोपलीय म्हणाली, सकाळपासून झोपलीय. मी म्हटलं, आजीला दे. आजी आली. मी विचारलं, आजी, तिची टाळू कशी लागते हाताला.

"मला काय म्हाईत," आजी म्हणाली. "तुमीच हात लावू नगं म्हनला व्हता."

 मग म्हटलं, आजी, मी रागवणार नाही, काय असेल ते सांगा.

 मग ती म्हणाली, "त्याल सोडते मी रोज. टाकं सुकल्यापास्नं. तुमास्नी सांगितलं न्हाई." आणि पुढं म्हणाली, "आदी टाळूत त्याल ऱ्हायाचं, वाटीत ऱ्हातं तसं. मंगळवारपास्नं थांबंना झालंय. बोट सोडलं का वघळून कानामागं जातं. बुदवारी सांगनार व्हते."

नऊ महिन्यांच्या मुलीच्या डोक्यातला दाब ही बाई रोज सकाळी मोजत होती. मी पंधरा दिवसांनी एकदा मोजत होते, आणि तिनं मोजायचं नाही असा माझा हुकूम होता.

त्या दिवशी सर्जन पुण्याला होते. मी त्यांना फोन केला, मोजक्या शब्दांत सांगितलं, माझं चुकलं हेही सांगितलं. ते म्हणाले, ते नंतर, आधी तिला घेऊन या. आमची रुग्णवाहिका मी कामशेतला नेली. तिकडून वाडीतला जीपवाला बाकीची सीटं न भरता निघाला. त्याच्या धंद्यात असं होत नाही. दत्ता मोटरसायकलवर आमच्यापुढे होता. कामशेतला जीपमधून आरोहीला माझ्या हातात दिलं. मी तिला बसतं धरलं. ती रडत नव्हती. टाळू हाताला दगडासारखी लागली आणि उडत नव्हती. डोळ्यांची बुबुळं खाली गेली होती, वर पांढरं दिसत होतं. दाब फार चढला की डोळे असे मावळतात. आजी शेजारी बसली होती.  पुण्यापर्यंत मी दर दोन मिनिटांनी टाळूला हात लावत राहिले. त्यानं काही होत नाही हे मला माहीत होतं.

नळीचं वरचं तोंड बंद झालं होतं. सर्जननी ते बदललं. आरोही वाचली.

वाचली हे लिहून मी इथं थांबले असते, पण तसं करणं बरं नाही. तिला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मेंदूज्वरामुळे असेल किंवा त्या आठवड्याच्या दाबामुळे असेल, आता कुणालाच सांगता येणार नाही. मला हे दोन-तीन जणांनी समजुतीच्या सुरात ऐकवलं आहे. ती आता शाळेत जाते, पहिल्या बाकावर डाव्या बाजूला बसते म्हणजे फळा उजव्या डोळ्याला पडतो. बुधवारी मी दहा मिनिटं थांबले असते तर ती कुठंही बसू शकली असती का, हे मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं मला झोपू देत नाही असं नाही, पण दुपारी भांडी घासताना ते आठवतं.

रुग्णालयात मी सगळं लेखी दिलं. वरिष्ठ म्हणाले, एवढं लिहायची गरज नव्हती. मग एक परिपत्रक निघालं, त्यात जावळ हा शब्द न वापरता "केशकर्तनोत्तर शिरोमापन" असं लिहिलं होतं. ते सूचनाफलकावर लागलं आणि कुणीही वाचलं नाही. मी माझ्यापुरते दोन नियम केले. जावळानंतरचं माप हे पहिलं माप, मागच्याशी त्याची तुलना करायची नाही, आठवड्यानं परत बोलवायचं. आणि बाळाला हात लावण्याआधी त्याला आंघोळ घालणाऱ्या बाईला विचारायचं. दुसरा नियम नव्या नर्सेसना आवडला नाही, कारण आज्या एकदा बोलायला लागल्या की लवकर थांबत नाहीत.

आरोही घरी गेल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी गाडीत बसून काय बोलायचं ते जुळवत गेले. खोली भरलेली होती. आजी दारापाशी बसली होती, रेश्मा बाळाला घेऊन तिच्यामागे. मी खुर्चीवर न बसता सरळ दाराशी गेले आणि आजीसमोर खाली बसले. माफी मागायची तर ज्या लोकांसमोर ओरडले तशाच लोकांसमोर मागावी, असं मी ठरवलं होतं. म्हटलं, आजी, माझं चुकलं. मापात चुकलं आणि तुम्हाला गप्प केलं तेही चुकलं.

आजीनं माझ्याकडे बघितलं. "आमचं चुकलं का तुमी वरडता," ती म्हणाली. "तुमचं चुकलं का कोन वरडतं?"

मी जरा विचार केला. म्हटलं, कुणी नाही.

"मग मी वरडू का?"

ओरडा, मी म्हटलं.

आणि ती ओरडली. चांगली ओरडली. मी किती घाईनं नावं पुकारते, आयांकडे न बघता वहीकडे कशी बघते, केस कचऱ्यात टाकले हे कशी सांगते, बाहेर उन्हात बसलेल्या बायकांना पाण्याचं विचारत नाही, हे सगळं तिनं सगळ्यांदेखत एकेक करून काढलं. त्यात खोटं काही नव्हतं. बायका खाली बघत होत्या, दोघी-तिघी पदरात हसत होत्या. मग ती डोळ्यावर आली. पोरीच्या डोळ्यावर. तिथं तिचा आवाज बसला आणि तिला पुढं बोलता येईना. मलाही रडू आलं. नर्सनं रुग्णांसमोर रडू नये असं आम्हाला शिकवलेलं असतं, ते त्या दिवशी मला जमलं नाही.

आजीनं पदरानं तोंड पुसलं, रेश्माच्या हातातून आरोहीला घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "मापा आता," ती म्हणाली.

मी टेप काढली नाही. म्हटलं, आधी तुम्ही टाळू बघा.

ती थोडी घुटमळली. मग पुढं सरकली आणि तिनं दोन बोटं नातीच्या डोक्यावर ठेवली. आरोही शांत होती, माझ्या चष्म्याकडे हात करत होती. आजीनं डोळे मिटले.  बराच वेळ ती तशीच बसली, माझ्यापेक्षा खूपच जास्त वेळ.

"मऊ हाय," ती म्हणाली. "उडतीया."

मी वहीत लिहिलं, टाळू मऊ, उडते. त्यापुढच्या रकान्यात तपासणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिथं आजवर दर वेळी मी माझंच नाव लिहीत आले होते. पेन टेकवलं आणि मला कळलं की या बाईचं नाव मला माहीत नाही. एवढ्या महिन्यांत मी ते कधी विचारलंच नव्हतं.

मी तिला विचारलं.

"इंदूबाई," ती म्हणाली. "इंदूबाई लिवा."